प्रोब हातात घ्या, पण प्रश्न ठरवून

प्रश्न विचारणारे डॉक्टर नुकतेच जनरल सर्जरीत एमएस झाले आहेत आणि परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचा दवाखाना टाकत आहेत. गावात रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा येतात. सीटी स्कॅन करायचा तर जिल्ह्याला जावं लागतं, म्हणजे तासाभराचा रस्ता. त्यांनी विचारलंय की सर्जननं स्वतःचं पोर्टेबल सोनोग्राफी मशीन घ्यावं का, त्यावर कितपत विसंबावं, कायद्याचं काय, आणि शेवटी जाता जाता एक छोटा प्रश्न: नातेवाइकांना स्क्रीन दाखवावी का?

घ्या. तीसेक वर्षं मराठवाड्यात पोटं उघडतोय, त्या भरवशावर सांगतो. पण पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तुम्ही करणार ती 'सोनोग्राफी' नव्हे. रेडिओलॉजिस्ट पोटात काय काय आहे ते शोधतो आणि पानभर रिपोर्ट लिहितो. तुम्हाला खाटेशेजारी उभं राहून एकच प्रश्न विचारायचा असतो आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. पोटात रक्त आहे का? या सुजेत पू झालाय का? लघवी तुंबलीये का? प्रश्न न ठरवता प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवलात तर स्क्रीनवर करडा धूर दिसेल आणि त्या धुरात तुम्हाला जे हवंय तेच दिसायला लागेल.

दुसरी गोष्ट, हे मशीन 'हो' म्हणालं तर ऐका, 'नाही' म्हणालं तर ऐकू नका. ही मी महागात शिकलो. ती हकीगत पुढे येईल.

आधी थोडं मागचं सांगतो, म्हणजे या यंत्राची किंमत कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सर्जरीचा रेसिडेंट होतो. दगडमातीच्या रुंद भिंतींखालून काढलेली माणसं ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून येत होती. कुणाच्या पोटात रक्त साचतंय हे ओळखायचं साधन काय, तर हात, नाडी आणि सुई. चारही कोपऱ्यांत सुई घालून ओढून बघायचं. वेळ असला तर बेंबीखाली छोटा छेद घेऊन नळी सारायची, लिटरभर सलाईन आत सोडायचं, परत काढायचं आणि लाल आलं का बघायचं. एका माणसामागे वीस-पंचवीस मिनिटं जायची आणि बाहेर व्हरांड्यात रांग लागलेली असायची. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं की त्याच्या पाच वर्षं आधी, १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात, तिथल्या डॉक्टरांनी ७२ तासांत ४०० जखमींची पोटं सोनोग्राफीनं तपासली होती. ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे यंत्र नव्हतं हे एक, पण असं काही करता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत ग्रेस रोझिकी या सर्जन बाईंनी आणि इतरांनी सर्जनलाच प्रोब धरायला शिकवलं, त्यातून जखमीच्या पोटात किंवा हृदयाभोवती रक्त आहे का हे झटपट बघायची आजची 'फास्ट' तपासणी रुजली.

फास्टमध्ये चार जागा बघायच्या हे तुम्ही परीक्षेला पाठ केलंच असेल. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली मॉरिसनची खाच, डावीकडे प्लीहेच्या आजूबाजूला, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचं आवरण. पुस्तकातलं चित्र आणि खरा माणूस यांत कुठं फरक पडतो तेवढं सांगतो.

उजवीकडे सगळे जण यकृत-मूत्रपिंडाच्या मधोमध बघतात आणि 'निगेटिव्ह' म्हणून मोकळे होतात. पण थोडं रक्त असतं तेव्हा ते आधी यकृताच्या खालच्या टोकाशी दिसतं. प्रोब एक फासळी खाली सरकवा आणि ते टोक स्क्रीनवर पूर्ण आल्याशिवाय पुढे जाऊ नका. डावीकडे उलटी गंमत आहे. तिथं रक्त प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्या मधे यायच्या आधी प्लीहेच्या वर, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली साचतं. आणि डावी बाजू आपण ती असते त्यापेक्षा नेहमी पुढे आणि खाली शोधतो. प्रोब धरलेल्या हाताची बोटं गादीला टेकली पाहिजेत, इतका मागे घ्या, मग वर सरका. ओटीपोट बघायचं ते कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, टाकायच्या आधी, कारण भरलेलं मूत्राशय ही आपली खिडकी आहे. आमच्याकडे सिस्टर इतक्या तत्पर असतात की पेशंट स्ट्रेचरवरून खाटेवर यायच्या आत कॅथेटर पडलेलं असतं. त्यांना आधीच सांगून ठेवा. आणखी एक, ताजं रक्त काळं दिसतं, पण गोठलेलं रक्त करडं दिसतं, यकृतासारखंच. तासा-दोन तासांनी आलेल्या पेशंटमध्ये नुसता काळा पट्टा शोधत बसलात तर समोर असलेली गाठ दिसणार नाही.

आता माझी चूक. उसाचा गाळप हंगाम होता, रात्री नऊ-साडेनऊची वेळ. रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला बाविशीचा मोटारसायकलवाला. बीपी ११०/७०, नाडी १०४, डाव्या बाजूला खरचटलेलं, मांडीला मोठी जखम. मी प्रोब ठेवला, चार जागा पाहिल्या, काळं काही नाही. केसपेपरवर मोठ्या आत्मविश्वासानं 'फास्ट निगेटिव्ह' लिहिलं आणि मांडी शिवायला घेतली. दीड तासानं त्याचा भाऊ ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात आला. "सर, त्याला लई घाम फुटलाय, अन् पाणी पाणी करायलाय." नाडी १३० वर गेली होती. पुन्हा प्रोब ठेवला तर यकृताच्या टोकाला बोटभर काळी पट्टी. पोट उघडलं, प्लीहा फाटलेली, दीड लिटरच्या आसपास रक्त. पोरगा वाचला. पण नंतर मी शांतपणे उजळणी केली तेव्हा कळलं, पहिल्या वेळी कॅथेटर आधीच पडलेलं होतं म्हणून ओटीपोटाची खिडकी बंद होती, आणि डावीकडे पडद्याखाली मी पाहिलंच नव्हतं. दोन खिडक्या न बघता चार बघितल्या असं लिहिलं होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे नाडी १०४ असताना, डाव्या फासळ्यांवर खरचटलेलं असताना, यंत्राच्या 'नाही' ला मी पेशंटच्या नाडीपेक्षा वरचढ मानलं.

आकडे हेच सांगतात. बोथट माराच्या रुग्णांवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करणारा २०१८ सालचा कॉक्रेन आढावा आहे. त्यात खाटेशेजारच्या सोनोग्राफीची विशिष्टता (इजा नसलेल्याला 'नाही' म्हणणं) ९६ टक्के आणि संवेदनशीलता (इजा असलेल्याला 'हो' म्हणणं) ७४ टक्के निघाली, मुलांमध्ये तर ६३ च. म्हणजे खरोखर इजा झालेल्या शंभरांतल्या सव्वीस जणांना मशीन 'नाही' म्हणून घरी पाठवेल. तेव्हा निगेटिव्ह आलं की वेळ लिहायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं, नाडी वाढली तर त्याच्या आधी. पेशंट स्थिर असेल आणि शंका असेल तर सीटीला पाठवायचं. आतडं फुटलं असेल तर फास्ट बऱ्याचदा निगेटिव्हच असते. बैलानं शिंग मारलेला, सायकलचं हँडल पोटात घुसलेलं पोर, यांच्यात तर फास्टवर विसंबून कुणालाही घरी सोडू नका. पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्रावही या खिडक्यांतून दिसत नाही.

'हो' लाही दोन अपवाद आहेत. दारूनं यकृत खराब झालेल्या माणसाच्या पोटात पाणी आधीपासून असतं, आणि असा माणूस दारू पिऊनच मोटारसायकलवरून पडतो. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा, पिवळे डोळे, पाय सुजलेले दिसले तर सुई घालून एक सीसी ओढा आणि रंग बघा, जुन्या पद्धतीनं. दुसरा अपवाद बायकांमध्ये, बीजांडकोशाची गाठ फुटून आलेलं थोडं पाणी.

छातीसाठी हे यंत्र एक्स-रेपेक्षा चांगलं, असं मी म्हणतो तेव्हा जुने मित्र भुवया उंचावतात. पण आडव्या पडलेल्या पेशंटच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवतीची हवा पुढच्या बाजूला तरंगते आणि लपते. लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, प्रोब छातीच्या पुढच्या बाजूला दोन फासळ्यांमध्ये ठेवा. फुप्फुसाची पांढरी रेघ श्वासाबरोबर सरकताना दिसली की त्या जागी हवा नाही, हे नक्की. एम मोडमध्ये, म्हणजे एकाच रेघेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रात, निरोगी बाजूला खाली वाळूसारखं आणि वर लाटांसारखं दिसतं, हवा भरलेली असेल तर वरपासून खालपर्यंत सरळ रेघा, बारकोडसारख्या. फ्रान्सचे डॅनिएल लिख्टेनश्टाइन यांनी ही विद्या अतिदक्षता विभागात नेली. सरकणं दिसलं नाही म्हणजे हवाच, असं मात्र लगेच ठरवू नका. जुन्या टीबीमुळे फुप्फुस चिकटलेलं असेल तरी ते सरकत नाही, आणि आपल्या भागात जुना टीबी काही कमी नाही. सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथं भेटतात तो बिंदू सापडला तर मात्र शंका उरत नाही.

एवढं सगळं अपघाताचं झालं. पण खरं सांगायचं तर दिवसभरात माझा प्रोब सगळ्यात जास्त कुठं फिरतो? सुजलेल्या पायावर.

मराठवाड्यात काटा ही सर्जरीची एक वेगळी शाखा मानायला हरकत नाही. वेड्या बाभळीचा काटा चप्पल भेदून जातो, आत मोडतो, माणूस वरचा तुकडा उपटतो आणि कामाला लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी पाऊल सुजतं. लाकडाचा काटा एक्स-रेत दिसत नाही. मग एका ठिकाणी छेद घेतात, थोडा पू निघतो, जखम भरते, पुन्हा फुटते. मागच्या वर्षी ऊसतोड करणारे एक आबा आले. उजव्या तळव्यावर दोन छेदांचे वण आणि मधे ओलं छिद्र. दोन्ही एक्स-रे 'नॉर्मल'. "काटा तर तवाच काढला की, साहेब," ते म्हणाले. पाऊल कोमट पाण्याच्या टोपल्यात बुडवायला लावलं आणि प्रोब पाण्यातच, कातडीला न टेकवता, जरा वर धरला. पाणी असलं की जेली लागत नाही आणि दुखऱ्या जागी दाबही पडत नाही. तळव्याच्या मध्यभागी दीड सेंटिमीटरची पांढरी ठळक रेघ, तिच्याखाली सावली, भोवती काळं कडं. कातडीपासून आठ मिलिमीटर खोल, आणि छिद्रापासून चांगला दोन बोटं लांब, टाचेच्या दिशेला. दोन्ही जुने छेद छिद्रावर घेतलेले होते, काटा तिथं नव्हताच. प्रोबखालून एक बारीक सुई रेघेला टेकवून ठेवली, तिथल्या तिथं भूल दिली आणि सुईच्या मागावर एक छोटा छेद घेतला. चिमट्याला काळपट, भिजून फुगलेला काटा लागला. आबांनी तो गॉजमध्ये गुंडाळून बरोबर नेला, बायकोला दाखवायला.

पू आहे की नुसती सूज, हा प्रश्न मला वाटतं सर्जनसाठी या यंत्राचा सगळ्यात मोलाचा उपयोग आहे. नुसतं सेल्युलायटिस, म्हणजे पू न झालेला कातडीखालचा संसर्ग, असेल तर चरबीचे गोळे आणि मधे पाणी, फरसबंदीसारखं दिसतं. पू असेल तर काळी-करडी पोकळी, प्रोबनं हलकं दाबलं की आतला पू फिरताना दिसतो. साप चावलेल्या हाता-पायाला उगाच छेद देण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. प्रोब ठेवला आणि पोकळी नाही दिसली तर हात आवरता येतो. बाळंतिणीच्या स्तनातला पू मी आता पहिल्या झटक्याला कापत नाही. प्रोबखाली सुईनं ओढतो, एक-दोन दिवसांनी पुन्हा, आणि बहुतेक जणींना छेद लागत नाही, दूध पाजणंही चालू राहतं.

यकृतातला पू तर आपला घरचाच. शिंदी, देशी दारू, अस्वच्छ पाणी आणि अमीबा. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, खांद्यात कळ. बहुतेक गळवं मेट्रोनिडाझोल या औषधानंच बसतात. मोठं असेल, फुटायला आलेलं असेल, किंवा डाव्या खणात हृदयाजवळ असेल तर मी प्रोबखाली नळी टाकतो. निघतो तो पू चॉकलेटी, घट्ट, वास नसलेला. आमच्या एक सिस्टर त्याला काकवी म्हणायच्या, नाव चपखल आहे. घाई एकाच बाबतीत करू नका: सुरुवातीच्या दिवसांत गळू पुरतं पातळ झालेलं नसतं, यकृतासारखंच दिसतं, त्यात सुई घातली तर रक्ताशिवाय काही येत नाही.

आणि इथंच एक धोक्याची पाटी. मेंढपाळ कुटुंबातल्या एक बाई 'यकृताचं गळू, पू काढणे' अशी चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. ताप नव्हता, दुखणंही फारसं नव्हतं, वर्षभरापासून नुसतं जडपण. मी सुई ट्रेमध्ये काढलेली होती. सवयीनं एकदा प्रोब फिरवला, तर गळवाला दुहेरी भिंत आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे. हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांकडून येणाऱ्या जंताची गाठ. मेंढ्या आणि कुत्री एकत्र असलेल्या घरांत हा आजार असतो. त्यात आंधळेपणानं सुई खुपसली असती तर आतलं पाणी पोटात सांडून ॲलर्जीचा जीवघेणा झटका येऊ शकतो, आणि पुढे पोटभर नव्या गाठी. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरू करून, तयारीनिशी, मोठ्या ठिकाणी याच्या काही प्रकारांचा सुईनंही उपचार होतो. पण तालुक्याच्या ओटीत, 'पू काढायचाय' म्हणून कधीच नाही. सुई ट्रेमध्ये परत गेली.

बाकीचं पटकन सांगतो. ऑपरेशननंतर लघवी कमी झाली की फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध द्यायच्या आधी मूत्राशयावर प्रोब ठेवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि त्याला ०.५२ नं गुणा, साधारण मिलिलिटर मिळतात. निम्म्या वेळा कॅथेटरच तुंबलेलं असतं. मानेची शीर बघून सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाका, आंधळी टाकायचे दिवस गेले. पाय सुजलेल्या पेशंटची जांघेतली आणि गुडघ्यामागची शीर दाबून बघा, पूर्ण चपटी होत नसेल तर आत गुठळी. पित्ताशयात खडा आणि त्याची सावली ओळखायला आठवडाभर पुरेल, भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड आणि प्रोबखाली नेमकी तिथंच कळ, हेही जमेल. अपेंडिक्सच्या मागे मात्र लगेच लागू नका. सहा मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबून न दबणारी नळी दिसली तर ठीक, पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, आणि त्या शोधात नवा माणूस अर्धा तास घालवतो. अंडकोशाला पीळ पडल्याची शंका आली तर प्रोब बाजूला ठेवून सरळ उघडा, तिथं घड्याळ आपल्या विरोधात चालतं.

शिकायचं कसं? देखरेखीखाली प्रत्येक प्रकारच्या २५ ते ५० तपासण्या, असा अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेचा ठोकताळा आहे, तो मला पटतो. पण आपल्याला रेडिओलॉजिस्टला नसलेली एक सोय आहे. आपण प्रोब ठेवतो आणि तासाभरात तेच पोट उघडतो. म्हणून प्रत्येक ऑपरेशनच्या आधी, रिपोर्ट हातात असला तरी, स्वतः एकदा बघा, वहीत दोन ओळी लिहा: किती पाणी, कुठं, पित्ताशयाची भिंत किती. मग पोट उघडल्यावर ताळा करा. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत निम्म्या ओळी लाल पेनानं खोडलेल्या आहेत. गावात येणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या दोन दिवसांत त्यांच्या शेजारी बसा, पोटात पाणी झालेल्या पेशंटवर हात बसवा. त्यांना वाटेल हा आपल्या पोटावर पाय देतोय. तर पहिल्याच दिवशी सांगून टाका की रिपोर्ट तुमचाच, बिल तुमचंच, मी फक्त रात्री दोन वाजता रक्त बघणार. ही मैत्री मशीनपेक्षा जास्त कामाला येते.

मशीन कोणतं? मोबाईलला जोडायची खिशातली असतात आणि लॅपटॉपएवढी असतात. पंधरा खाटांना लॅपटॉपएवढं, बॅटरीवर चालणारं, कन्व्हेक्स (फुगीर तोंडाचा) आणि लिनिअर असे दोन प्रोब असलेलं घ्या. खिशातलं गोड दिसतं, पण मे महिन्यात आमच्याकडे ते दहा मिनिटांत तापतं आणि ऐन वेळी बंद पडतं. प्रोबचं तोंड पुसायला कंपनीनं सांगितलेलंच द्रव वापरा, स्पिरिटनं मी एक प्रोब खराब केलाय.

आता कायदा. इथं वेळ देतो, कारण तरुण सर्जन नेमके इथं अडकतात. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २०१२ मध्ये परळीत स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं ते महाराष्ट्रानं पाहिलं. त्यामुळे या भागात सोनोग्राफी मशीनकडे यंत्रणा संशयानंच बघणार, आणि तो संशय आपल्याच पेशातल्या लोकांनी कमावलेला आहे. महाराष्ट्रानं १९८८ मध्येच देशात गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ चा, १९९६ पासून अमलात, २००३ मध्ये कडक झाला. 'मी पोटातलं रक्त बघतो, गर्भ नाही' हा युक्तिवाद तिथं चालत नाही. गर्भलिंग कळू शकेल असं कोणतंही यंत्र कायद्याच्या कक्षेत येतं, खिशातलंही.

आधी सोनोग्राफी केंद्र म्हणून दवाखान्याची नोंदणी, मग मशीन, हा क्रम उलटा करू नका. नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकणं हाही गुन्हाच आहे, त्यामुळे 'आज मशीन न्या, कागद मागून बघू' म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा. २०१२ पासून पोर्टेबल मशीनला वेगळा नियम आहे. ते नोंदणी असलेल्या जागेतच, तिथल्या भरती रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. म्हणजे ते बॅगेत टाकून मित्राच्या दवाखान्यात, गावच्या शिबिरात किंवा घरी आजारी पडलेल्या सरपंचाकडे नेता येत नाही. 'पोर्टेबल' याचा अर्थ या खाटेवरून त्या खाटेवर, एवढाच घ्या. मशीन कोण वापरणार त्यांची नावं नोंदणीत असतात, आणि एमएसची डिग्री आहे म्हणून ते नाव आपोआप बसतं असं धरून चालू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे समुचित प्राधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज करा, प्रशिक्षणाची अट तुम्हाला कशी लागू होते ते लेखी घ्या. तोंडी 'चालतं की हो' वर एक रुपयाही गुंतवू नका.

गरोदर बाईच्या अंगावर प्रोब ठेवलात की एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा कायद्यानं ठरवलेला नोंदीचा फॉर्म, आला, अपघात असो की अपेंडिक्स. तिचं आणि तुमचं निवेदन, सही, तारीख, आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. रकाना रिकामा राहिला म्हणून गुन्हा कसा, हा आपल्या लोकांचा राग मला समजतो, मीही तो धरून होतो. पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका फेटाळून नोंदी न ठेवणं हा गुन्हाच ठरवला. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा राग घरी ठेवा आणि फॉर्म भरा. मी एक माणूस याच कामाला नेमलाय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, स्क्रीन दाखवावी का. आबांना मी त्यांचा काटा दाखवला, ते खूश झाले. बापाला पोराच्या पोटातलं रक्त दाखवलं की ऑपरेशनची सही पाच मिनिटांत होते, एरवी तासभर समजूत घालावी लागते. पण पोट गरोदर असेल तर स्क्रीन भिंतीकडे. दोन वर्षांपूर्वी ॲपे रिक्षा उलटून सात महिन्यांची गरोदर मुलगी आली. सासू स्ट्रेचरला धरूनच आत शिरली. मी यकृताचं टोक बघत होतो, ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "काय दिसायलंय हो, डाक्टर?" आपल्या भागात हा प्रश्न कुणी कोणत्या अर्थानं विचारतंय ते ओळखू येत नाही, ओळखायच्या भानगडीत पडूही नये. मशीनचं तोंड फिरवलं, सिस्टरनं तिला हात धरून बाहेर नेलं. चारही जागा कोरड्या होत्या, बाळाचे ठोके मिनिटाला १४४. बाहेर येऊन तेवढंच सांगितलं: रक्त दिसत नाही, बाळाचे ठोके चालू आहेत, अर्ध्या तासानं पुन्हा बघणार. मग खुर्ची ओढून एफ फॉर्म भरायला बसलो, वेळ टाकली, रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं.